एनएसएसमध्ये दरवर्षी तीच चार मुलं पुढे येतात. बाकीच्यांतून नेतृत्व कसं घडवायचं?

तलावपाळी_मॅडम

नमस्कार मंडळी. ठाण्यात स्टेशनजवळच्या एका कॉलेजात मी कॉमर्सला शिकवते. यंदा जूनमध्ये एनएसएसचं, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेचं, युनिट माझ्या गळ्यात पडलं. आधीच्या सरांची मुदत संपली आणि स्टाफरूममध्ये माझ्याइतकं ज्युनिअर दुसरं कोणी नव्हतं, एवढीच माझी पात्रता. शंभर मुलं, दोन वर्षांत प्रत्येकाचे २४० तास, एक दत्तक गाव आणि डिसेंबरात सात दिवसांचं निवासी शिबिर.

अडचण अशी की शंभरातली चारच मुलं सगळं करतात. सूत्रसंचालनाला तीच, प्रिन्सिपॉल सरांना गुच्छ द्यायला तीच, पेपरात फोटो आला तर त्यातही तीच. मुलं गुणी आहेत, त्यांच्यावाचून माझं पान हलत नाही. पण ती कॉलेजात आली तेव्हाच अशी होती. शाळेत मॉनिटर, सोसायटीच्या गणपतीत माइक, घरी मोठ्यांसमोर बोलायची मुभा. आम्ही त्यांच्यात नवीन काय घडवलं? बाकीची शहाण्णव 'मॅडम, हजेरी लागली का?' एवढं विचारून सटकतात. पूर्वी दहा मार्कांसाठी येत, आता क्रेडिटसाठी येतात.

हे डोक्यात यायचं कारण सांगते. जुलैत येऊरला रोपं लावायला गेलो होतो. खड्डे आधीच खणलेले. रोप हातात, फोटो, रोप खड्ड्यात, पुढे चला. एक एसवायची (दुसऱ्या वर्षाची) मुलगी, जिचा आवाजही मी तोवर ऐकला नव्हता, मागे राहून एकेका खड्ड्यापाशी उकिडवी बसत होती. जाऊन बघितलं तर बऱ्याच जणांनी काळी पिशवी न काढताच रोपं पुरली होती. ही रोप वर काढायची, ब्लेडने पिशवी उभी चिरायची, मुळांभोवतीची माती सुटू न देता रोप परत बसवायची आणि हाताने दाबायची. रिकाम्या पिशव्या ओढणीत बांधलेल्या. 'बाकीच्यांना सांगितलं का नाहीस?' विचारलं, तर म्हणे, 'मॅडम, माझं कोण ऐकणार?'

आता प्रिन्सिपॉल सरांच्या मनात ऑगस्टमध्ये दोन दिवसांची 'नेतृत्व विकास कार्यशाळा' आहे. वक्ते पुण्याहून, एसी सेमिनार हॉल, सगळ्यांना प्रमाणपत्र. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या पाचव्या निकषात उपयोगी पडेल हा हिशेब, तोही मला समजतो. पण त्या हॉलमध्ये पहिल्या रांगेत कोण बसणार आणि शेवटी आभार कोण मानणार, हे मी आत्ताच लिहून देते. ज्यांनी युनिट चालवलं आहे त्यांनी सांगा, कार्यशाळा घेऊ की दुसरं काही करू? आणि मुलं निवडायची कशी?

घोडबंदर_ट्रेनर

मॅडम, कार्यशाळेला नाकं मुरडू नका. मी कंपन्यांमध्ये हेच काम करतो. उभं राहून दोन मिनिटं बोलणं, समोरच्याचं ऐकून घेणं, मतभेद झाले तर आवाज न चढवता बोलणं, ह्या शिकवता येणाऱ्या गोष्टी आहेत. गटात खेळ घ्या, प्रत्येकाला बोलायला लावा. लाजरी मुलंसुद्धा दुसऱ्या दिवशी खुलतात, हे मी रोज बघतो. वक्ता मात्र किस्से सांगून टाळ्या घेणारा आणू नका.

कळव्याचा_मास्तर

मॅडम, मी निवृत्त आहे. मला आता कुठल्याच प्रिन्सिपॉलचं भय नाही, म्हणून मोकळं लिहितो. बरीच वर्षं कार्यक्रम अधिकारी होतो, आणि नंतर नव्या अधिकाऱ्यांना मदतही केली.

कार्यशाळा घ्या. एक दिवसाची घ्या, फोटो काढा, फाइल भरा. सरांशी भांडून युनिट चालत नाही. वाचलेल्या दिवसाचे पैसे शिबिराला मागून घ्या. आणि त्या एका दिवसात अर्धा वेळ ट्रेनरसाहेब म्हणतात तसं बोलायला शिकवा, ते बरोबर आहे. उरलेल्या अर्ध्या वेळात मीटिंगचं इतिवृत्त कसं लिहायचं, व्हाउचर कसं भरायचं आणि पोलीस स्टेशनला कार्यक्रमाचा अर्ज कसा द्यायचा, हे शिकवा. तुमच्या ऑफिसातले हेडक्लार्क हे तिन्ही फुकट शिकवतील. पुण्याचा पाहुणा कशाला?

आता मुद्द्याचं. मुलांच्या हातात आपण झाडू देतो, फावडं देतो, बॅनर देतो. पैसे आणि निर्णय मात्र आपल्याच खिशात. मग पुढे कोण येणार? ज्याला बॅनर धरायला आवडतो तो.

आमचं शिबिर मुरबाड तालुक्यातल्या एका गावात असायचं. युनिटातली निम्मी मुलं शिबिराला, म्हणजे पन्नास पानं दोन वेळा. किराण्याचा हिशेब मी बोलक्या मुलाकडे कधी दिला नाही. एका वर्षी दिला तो हजेरीला 'यस सर'सुद्धा खाली मान घालून म्हणणाऱ्या मुलाकडे. रोख रक्कम, दोनशे पानी वही, सामानाची यादी. मुरबाडच्या बाजारात दुकानदाराने त्याला नेहमीप्रमाणे चिठ्ठीवर आकडे खरडून दिले. ऑडिटला चिठ्ठी चालत नाही, पक्कं बिल लागतं, हे त्याला माहीत होतं. तो काही बोलला नाही, पण हललाही नाही. सामान टेम्पोत चढलं, तरी हा वही मांडीवर घेऊन साखरेच्या गोणीवर बसलेला. मी रस्त्यापलीकडे चहा पीत होतो, मुद्दाम गेलो नाही. दुकानदाराने दोन गिऱ्हाइकं केली, तिसरं केलं, शेवटी पुटपुटत बिलबुक काढलं.

तिसऱ्या दिवशी रात्री तोच माझ्याकडे आला. म्हणाला, सर, बंधाऱ्यावर काम करून मुलं अंदाजापेक्षा जास्त जेवताहेत, डाळ शेवटपर्यंत पुरणार नाही, काय करू? मी म्हटलं, हिशेब तुझ्याकडे आहे, तू ठरव. त्याने स्वयंपाकाच्या गटाला बोलावलं, काहीतरी खलबत झालं आणि दुसऱ्या दिवशी ताटात पिठलं आलं. त्याच्या पुढच्या दिवशीही पिठलंच. पोरांनी बोंब मारली. एक जण माझ्याकडे तक्रार घेऊन आला, त्याला मी त्या मुलाकडेच पाठवलं. तिथे जे काही झालं ते दोघांनी वहीत बघून मिटवलं. पुढच्या वर्षी वनराई बंधाऱ्यासाठी सिमेंटच्या रिकाम्या गोण्या हव्या होत्या, तर हाच मुलगा पंचायत समितीत जाऊन गटविकास अधिकाऱ्यांना भेटून आला. त्याला भाषण अजूनही येत नसेल. मला त्याची फिकीर नाही.

तुमचे चौघे. त्यांना घरी बसवू नका, ती मुलं दुखावली तर युनिट फाटतं. नियम एवढाच करा की जे काम गेल्या वर्षी केलं त्याचं प्रमुखपद यंदा नाही. त्यांनी नव्या प्रमुखाच्या शेजारी उभं राहायचं, विचारलं तर सांगायचं, आणि माइक घ्यायचा नाही. हे शेवटचं त्यांना फार जड जातं, पण तेच त्यांचं शिक्षण. सांस्कृतिक गटाकडे लक्ष देऊ नका, तो आपोआप चालतो.

गणपती तोंडावर आहेत. विसर्जन घाटावर निर्माल्य गोळा करायला तुमचं युनिट असेलच. तिथे काय होतं ते सांगतो. माणसं प्लॅस्टिकच्या पिशवीला करकचून गाठ मारून आणतात आणि तशीच कलशात टाकायला बघतात. आत फुलं, दूर्वा, थर्माकोल, उदबत्तीची पाकिटं, वस्त्रं, सगळं एकत्र. अठरा वर्षांच्या मुलीने एखाद्या आजोबांना नमस्कार करून ती पिशवी उघडायला लावायची, 'देवाचं आहे, हात लावू नकोस' हे ऐकून घ्यायचं आणि तरी फुलं वेगळी करून घ्यायची. मागे ढोल वाजतोय, रांग लांबली आहे. प्रत्येक पाळीला एक प्रमुख नेमा आणि खरे निर्णय तिच्यावर सोडा. दिवा स्टेशनला उतरणारी मुलगी किती वाजता सुटणार, तिच्यासोबत स्टेशनपर्यंत कोण जाणार, तिच्या जागी कोण उभं राहणार. ज्या प्रमुखाला आपल्या पाळीतला प्रत्येक जण कुठल्या स्टेशनला उतरतो हे पाठ झालं, तिच्यावर पुढच्या वर्षी अख्खं शिबिर सोपवा.

त्या ब्लेडवाल्या मुलीला मात्र लगेच घाटप्रमुख करू नका, घाबरून जाईल. तिला तपासणीचं काम द्या. कलशात काय जाईल आणि काय जाणार नाही हे ती ठरवेल, असं सगळ्यांदेखत सांगा. मग एखाद्या नगरसेवकाच्या मंडळाची पिशवी तिने परत केली, तरी तिचा शब्द तुम्ही मोडायचा नाही. 'माझं कोण ऐकणार' म्हणणाऱ्या पोरीला आधी मॅडम आपलं ऐकतात हे दिसायला हवं.

आणि काही गोष्टी मुलांवर सोडायच्या नाहीत म्हणजे नाहीत: पाण्यात उतरणं, रात्रीचा प्रवास, गॅस, मुलींच्या मुक्कामाची सोय, बँकेची सही. तिथे लोकशाही नको.

दिघा_ते_ठाणे

मी टीवाय बीकॉमला आहे. मोठ्यांमध्ये बोलतोय, सांभाळून घ्या.

मास्तर सरांचं पटलं, पण एक गोष्ट सगळेच विसरतात. आमचं कॉलेज सकाळी सातचं. अकराच्या पुढे लेक्चर संपलं की निम्मा वर्ग कामावर पळतो. मी मॉलमधल्या चपला-बुटांच्या दुकानात आहे, साडेबाराला हजर व्हावं लागतं, रात्री गल्ला जुळवून शटर ओढूनच निघतो. नवीन आलेल्या पोरांना साइज कशी बघायची, एक्स्चेंजवरून भांडणारं गिऱ्हाईक कसं शांत करायचं, हे मीच शिकवतो. स्टॉक कमी भरला तर उत्तर मला द्यावं लागतं. आणि कॉलेजात माझं नाव 'नॉन-अ‍ॅक्टिव्ह' यादीत आहे, कारण एनएसएसची मीटिंग दुपारी दोनला असते. दोनला जो मोकळा आहे तोच लीडर, असं आमच्याकडे झालंय.

मॅडम, एक साधा फॉर्म भरून घ्या. घरी, कामावर, मंडळात तुझ्यावर काय जबाबदारी आहे, एवढंच विचारा. आमच्या वर्गातली एक मुलगी आईच्या पोळीभाजी केंद्राचा महिन्याचा हिशेब बघते, उधारी वसूल करते. एक जण गोविंदा पथकात कोण कुठल्या थराला चढणार हे ठरवतो, पावसात भिजलेली, चिडलेली पोरं त्याचं ऐकतात. सरांना यातलं काहीच माहीत नाही. मीटिंग सकाळी पावणेसातला ठेवा. आम्ही येतो. चौघांपैकी किती येतात ते बघा मग.

नेरुळ_मानसशास्त्र

मास्तरांच्या 'मुद्दाम गेलो नाही'वरून आठवलं. कुर्ट लेविन, रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट यांचा एक जुना प्रयोग आम्ही वर्गात शिकवतो, १९३९ मध्ये प्रसिद्ध झालेला. अमेरिकेत आयोवा इथे दहा वर्षांच्या आसपासच्या मुलांचे छोटे गट केले, मुखवटे बनवणं वगैरे कामं दिली. मोठ्या माणसाने कधी हुकूम सोडायचे, कधी मुलांशी चर्चा करून ठरवायचं, कधी सगळं त्यांच्यावर टाकून बाजूला बसायचं. हुकमाखाली काम होत होतं, पण मोठा माणूस खोलीबाहेर गेला की हात थांबायचे. चर्चेच्या गटात तो गेल्यावरही काम चालू राहायचं.

प्रयोग लहान मुलांवरचा आहे, तुमच्या एसवायला जसाच्या तसा लावू नका. पण बाहेर जाऊन बघायची युक्ती उचलण्यासारखी आहे. एका रविवारी तलावाच्या साफसफाईला 'मला अर्धा तास उशीर होईल' असा निरोप द्या आणि लांबून बघा. कोण फोन लावतं, कोण हातमोजे वाटायला घेतं, कोण वडापावच्या गाडीकडे वळतं.

एक सावधगिरी. बाजूला बसून राहणारा जो तिसरा प्रकार, त्यात काम नीट होत नव्हतं. मास्तर रस्त्यापलीकडे चहा पीत होते, ठाण्याला घरी बसले नव्हते. नव्या अधिकाऱ्यांची गल्लत इथेच होते.

वाशी_जुना_कार्यकर्ता

सगळं ठीक, पण तुम्ही मुलांना पिठल्याचे निर्णय देताय आणि विद्यापीठाच्या कारभारात त्यांना आवाज नाही, त्यावर कोणी बोलत नाही. महाराष्ट्रात १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने विद्यार्थ्यांच्या थेट निवडणुका गेल्या आणि गुणवत्तेवर प्रतिनिधी नेमायची पद्धत आली. २००६ मध्ये लिंगडोह समितीने निवडणुका कशा घ्याव्यात ते आखून दिलं: उमेदवाराला ७५ टक्के हजेरी, खर्चाची मर्यादा ५,००० रुपये. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात निवडणुका परत आल्या, २०१९ मध्ये तयारीही झाली, आणि विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर त्या पुढे गेल्या. आमच्या पिढीने निवडणुकांत हाणामाऱ्या पाहिल्या हे खरं, पण हरायचं कसं हेही तिथेच शिकलो. कार्यशाळेत कोण हरतो?

दिघ्याच्या मुलाचं वाचून कर्मवीर भाऊराव आठवले. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, आणि बोर्डिंगात सगळ्या जातींची पोरं एकत्र राहायची, स्वयंपाक आपला आपण करायची, शेतावर राबायची. काम करून शिकणारा मुलगा त्यांच्याकडे यादीत वर असायचा. आपल्याकडे तो 'नॉन-अ‍ॅक्टिव्ह'.

कळव्याचा_मास्तर

कार्यकर्ते, निवडणूक हवीच, वाद नाही. पण कायद्याची वाट कशाला बघायची? युनिटाचे गटप्रमुख चिठ्ठ्या टाकून निवडायला मॅडमना कोणाची परवानगी लागत नाही. फक्त पहिल्या महिन्यात घेऊ नका, ओळखी नसताना मतं माइकवाल्यालाच पडतात. शिबिरात चौथ्या दिवशी घ्या. तोवर कोण पहाटे उठून बंब पेटवतं आणि कोण पांघरुणात तोंड घालून पडतं, हे सगळ्यांना कळलेलं असतं.

आणि दिघ्याच्या पोरा, तुझा फॉर्म मी आमच्या काळात केला असता तर बरीच मेहनत वाचली असती. छान सुचवलंस.

तलावपाळी_मॅडम

सगळ्यांचे आभार. सरांशी बोलले. कार्यशाळा एका दिवसावर आली. हेडक्लार्क शिकवायला तयार आहेत, 'मार्गदर्शक म्हणून पत्रिकेत माझं नाव छापा' ही अट घालून. छापतेय.

फॉर्म भरून घेतला. काय काय निघालं! एक मुलगा संध्याकाळी वडिलांची भुर्जीपावची गाडी एकटा सांभाळतो. घोडबंदरला राहणारी एक मुलगी उन्हाळ्यात सोसायटीच्या टँकरची पाळी लावते, सात मजल्यांची भांडणं तिच्याकडे येतात. ही दोघं माझ्या रजिस्टरमध्ये फक्त रोल नंबर होती. पावणेसातच्या मीटिंगला आजवरची सगळ्यात जास्त मुलं आली. येऊरच्या मुलीला घाटावर तपासणीचं काम दिलंय. 'बघते' म्हणाली. तिने आधी मलाच विचारलं, मॅडम, नारळ कुठल्या ढिगात? मला उत्तर येत नव्हतं, म्हटलं तू महापालिकेच्या माणसाला विचारून ये. गेली आणि विचारून आली.

आता दोन अडचणी. चौघांपैकी एकाच्या आईचा फोन आला, 'माझ्या मुलाला मुद्दाम मागे ठेवताय का? परदेशी अर्ज करायचाय, लीडरशिपचं सर्टिफिकेट लागेल.' काय सांगू? आणि शिबिरासाठी मुलींच्या घरची परवानगी मिळता मिळत नाही. निदान दहा जणींचं तळ्यात-मळ्यात चाललंय.

कळव्याचा_मास्तर

आईंना सांगा, तुमच्या मुलाने यंदा तीन प्रमुख तयार केले असं मी पत्रात लिहून देईन, आणि ते कुठली कामं सांभाळतात हेही लिहीन. मग खरंच तसं लिहा, नेहमीचा छापील मजकूर नको. अर्ज वाचणाऱ्याला त्यातूनच काही कळतं. मुलाने तिघं तयार केले नाहीत तर लिहू नका. हेही आईंना आत्ताच सांगून ठेवा.

मुलींचं म्हणाल तर फोनवर परवानगी मिळत नाही. एका शनिवारी आयांना कॉलेजात बोलवा, आणि गेल्या वर्षी शिबिराला गेलेल्या दोन मुलींना बोलायला उभं करा, तुम्ही मागे बसा. मुक्काम कुठे, बाथरूमला कडी आहे का, रात्री सोबत कोणत्या मॅडम, फोनला रेंज कुठे मिळते, एवढेच प्रश्न येतात. त्याची उत्तरं त्या मुलीच चांगली देतील. जमलं तर एक-दोन आयांना आधी गाव दाखवून आणा, पुढचं काम त्या करतात.

संमतीपत्र घेताना त्यावरचे नंबर तिथल्या तिथे लावून बघा. 'वडील' म्हणून दिलेला नंबर लावला की शेजारच्या बाकावरच्या पोराचा फोन वाजतो.